ताशी १०० ला स्टिअरिंग का थरथरतं? समृद्धीचा वेग, चाकाचं गणित आणि फोनमधला सेन्सर

५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग एकदाचा पूर्ण झाला. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाट भागात हीच मर्यादा १०० आणि घाटात ६० आहे. म्हणजे आतापर्यंत शहरात ४० ने आणि हायवेला ७०-८० ने फिरणारी आपली साधी हॅचबॅक आता तासन्‌तास ११०-१२० ने पळायला लागली आहे. या वेगाला गाडीचे असे काही गुण बाहेर येतात, जे गावातल्या रस्त्यावर कधी कळलेच नसते.

त्यातला सगळ्यात कॉमन प्रकार म्हणजे स्टिअरिंगची थरथर. वर्णन बहुतेक वेळा सारखंच असतं: "८० पर्यंत गाडी एकदम लोण्यासारखी चालते. ९० च्या पुढे स्टिअरिंग हातात नाचायला लागतं. ११५ ला गेलं की परत कमी होतं." मग सल्ले सुरू. कुणी म्हणतं अलाइनमेंट कर, कुणी नायट्रोजन भर, कुणी थेट "सस्पेन्शन गेलं, वीस हजार तयार ठेव". आणि सर्व्हिस सेंटरवाला गाडी आवारात एक चक्कर मारून म्हणतो, "सर, मला तर काही जाणवलं नाही." जाणवणार कसं? तीस च्या वेगाला हा आजार दिसतच नाही.

ही थरथर नेमकी कुठून येते, ती कशी ओळखायची, आणि खिशातला फोन त्यात किती कामाचा आहे, हे नीट बघू. कारण यात दोनशे-तीनशे रुपयांत सुटणारा प्रॉब्लेमही असतो आणि जिवावर बेतणारा टायरही असतो. हाताला लागणारी थरथर मात्र दोन्हींची जवळपास सारखीच.

३० ग्रॅमची करामत

टायर आणि रिम मिळून एका छोट्या कारच्या चाकाचं वजन साधारण १५ किलो असतं. त्यात एका बाजूला ३० ग्रॅम जास्त असले, म्हणजे १० रुपयांची चार नाणी, तर काय फरक पडणार? उभ्या गाडीला काहीच नाही. पण चाक फिरायला लागलं की हे जादा वजन बाहेरच्या दिशेला ओढ देतं, आणि ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट.

१५ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्त आहेत असं धरून हिशेब केला तर ५० च्या वेगाला ही ओढ सव्वा किलोच्या आतच राहते. १०० ला ती साडेचार किलोच्या पुढे जाते आणि १२० ला पावणेसात किलोच्या आसपास. आणि ही ओढ एका जागी स्थिर नसते. चाकाबरोबर तीही गरगर फिरते, वर-पुढे-खाली-मागे, सेकंदाला १४-१५ वेळा. कुणीतरी आत बसून पाच किलोच्या हातोडीने हबला सेकंदाला १४ ठोके देतंय, असं समजा. पुढच्या चाकांना हे ठोके बसले की ते टाय रॉडमधून स्टिअरिंग रॅकला आणि तिथून तुमच्या तळहाताला पोचतात.

आता तो खरा गमतीचा भाग: मधल्याच वेगाला थरथर जास्त का? १८५/६५ आर१५ हा टायर घ्या, स्विफ्टपासून अनेक गाड्यांना हा साइज येतो. त्याचा घेर जवळजवळ १.९५ मीटर. १०० चा वेग म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारतं. आणि चाक, हब, ब्रेक हा जो सगळा जथा स्प्रिंगच्या खाली लटकलेला असतो, त्याची स्वतःची डुलण्याची नैसर्गिक लय बहुतेक कारमध्ये सेकंदाला १० ते १५ च्या दरम्यान असते. झोक्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, तसंच इथे होतं. चाकाचे ठोके आणि सस्पेन्शनची लय जुळली की छोटीशी चूक मोठी होऊन हातात येते. ७० ते १०५ या पट्ट्यात हे जुळून येतं, म्हणून तक्रारी याच वेगाच्या.

त्यापुढे लय सुटते आणि हाताला कमी जाणवतं. "१२० ला स्मूथ होते, म्हणून आपण सरळ १२० नेच जायचं" असं म्हणणारे महाभाग आहेत. त्यांनी वरचा हिशेब परत वाचावा. १२० ला ओढ कमी झालेली नसते, वाढलेली असते. फक्त स्टिअरिंगपर्यंत पोचत नाही. बेअरिंग आणि बुश ती गुपचूप खात असतात.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एक नव्हे

आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर ही जोडी "व्हील अलाइनमेंट अँड बॅलन्सिंग" अशी एकत्रच लिहिलेली असते, त्यामुळे अर्ध्या लोकांना ते एकच काम वाटतं. दोन्हींचा एकमेकांशी तसा संबंध नाही.

अलाइनमेंट म्हणजे चाकं कुठल्या कोनात उभी आहेत ते बघणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्याला स्टिअरिंग वाकडं राहतं, टायर एका कडेने झिजतो. बॅलन्सिंग म्हणजे प्रत्येक चाक काढून मशीनवर फिरवायचं, वजन कुठे कमी-जास्त आहे ते शोधायचं आणि रिमला छोटी वजनं लावायची. थरथर ही बॅलन्सिंगच्या खात्यातली तक्रार आहे. फक्त अलाइनमेंट बिघडल्याने स्टिअरिंग थरथरत नाही. अलाइनमेंट बरेच महिने बिघडलेली राहिली आणि टायर वेडावाकडा झिजला, तर त्या झिजेमुळे मात्र आवाज आणि थरथर येऊ शकते. तेव्हाही आता अलाइनमेंट केली म्हणून झिजलेलं रबर परत येत नाही.

आणि नायट्रोजनबद्दल एकदाच सांगतो: हवेत तसाही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. टायरमधलं प्रेशर जरा जास्त दिवस टिकावं म्हणून भरायचा असेल तर भरा. थरथरीवर तो औषध नाही.

बॅलन्स जातो कसा? वजनं पडतात. चिकटवलेली असली तर धुताना किंवा खड्ड्यात सुटतात, क्लिपची असली तर फूटपाथला घासून जातात. रिमवर चौकोनी स्वच्छ डाग दिसला तर समजा इथे वजन होतं. पंक्चर काढून टायर परत चढवताना पहिल्या जागेपेक्षा फिरवून बसवला, तरी जुना हिशेब गेला. टायरमध्ये पंक्चरचं जेल ओतलं असेल तर ते उभ्या गाडीत तळाला साचतं आणि सुरुवातीचे काही किलोमीटर चाक गरगरतं. आणि पावसाळ्यातलं हुकमी कारण म्हणजे चिखल. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा थर वाळून बसलेला असतो, बाहेरून धुतल्यावर गाडी चकाचक दिसते पण आत पाव किलो माती तशीच. दुकानात जायच्या आधी पाण्याचा पाइप चाकाच्या आतल्या बाजूला मारून बघा. हा उपाय फुकट आहे.

बॅलन्सिंग करूनही थरथर राहते तेव्हा

"दोनदा बॅलन्सिंग केलं तरी जात नाही" ही पुढची पायरी. इथे बऱ्याचदा दोष मशीनवरच्या कामात असतो. चाक मशीनच्या शाफ्टवर शंकूच्या आकाराच्या तुकड्याने मध्यावर बसवतात. शंकू चुकीच्या मापाचा असला, किंवा रिमच्या मधल्या भोकाला गंज-माती असली, तर चाक किंचित बाजूला बसतं. मशीन मग त्या चुकीच्या मध्याभोवती बॅलन्स करून मोठ्या इमानदारीने शून्य दाखवतं. गाडीवर बसवल्यावर ते शून्य खोटं ठरतं.

हे पकडायची एक सोपी युक्ती आहे. मशीनने शून्य दाखवलं की दुकानदाराला नम्रपणे सांगा, "दादा, नट सैल करून चाक अर्धं फिरवा, परत आवळा आणि एकदा फिरवून दाखवा." आकडा शून्याच्या जवळ राहिला तर काम चोख. १५-२० ग्रॅम दाखवायला लागलं तर बसवण्यातच गडबड आहे. काही जण तोंड वाकडं करतील. चांगले टायरवाले हसून करून दाखवतात, उलट त्यांना गिऱ्हाईक जाणकार आहे हे आवडतं. आणखी दोन गोष्टी बघा. जुनी वजनं काढून मगच नव्याने मोजलं का? आणि चारही चाकं केली का? बरेच ठिकाणी पुढची दोनच उरकतात.

तरीही थरथर राहिली, तर प्रश्न वजनाचा नसून आकाराचा असू शकतो. खड्ड्यात आपटून रिम वाकली असेल. टायरच्या आतल्या तारा तुटून साइडवॉलला फुगवटा आला असेल. उन्हात महिनोन्‌महिने एका जागी उभी राहिलेली गाडी असेल तर टायर एका बाजूला चपटा झाला असेल. अंड्यासारखं चाक तुम्ही ग्रॅमच्या हिशेबात कितीही बॅलन्स करा, रस्त्यावर ते अंड्यासारखंच धावणार. मशीनवर चाक फिरत असताना समोर उकिडवं बसून नीट बघा. टायरच्या माथ्याजवळ पेनाचं टोक स्थिर धरून चाक हाताने हळू फिरवलं की कळतं. दीड मिलिमीटरच्या वर अंतर कमी-जास्त होत असेल तर शंका घ्यायला जागा आहे. आधी टायर डोलतोय की रिम, ते वेगळं करा, कारण रिम सरळ करून घेणं आणि नवा टायर घेणं यात खर्चाचा मोठा फरक आहे. मोठ्या शहरांत काही दुकानांत रोलर दाबून टायरचा कडकपणा मोजणारी मशीन असतात, ज्याला रोड फोर्स बॅलन्सिंग म्हणतात. साध्या मशीनवर न सापडणारा टायर तिथे सापडतो.

बाहेरून अलॉय बसवलेल्यांसाठी खास: कंपनीच्या रिमचं मधलं भोक हबवर घट्ट बसेल अशा मापाचं असतं. बाजारातले अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे येतात, आणि मधली पोकळी भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग लागते. ही रिंग बहुतेकदा दुकानदाराच्या ड्रॉवरमध्येच राहते. मग चाक फक्त नटांच्या भरवशावर बसतं, केसभर इकडेतिकडे. नव्या अलॉयनंतर थरथर सुरू झाली असेल तर पहिला प्रश्न रिंगचा विचारा.

कधी होतं, यावरून कुठे आहे

पैसे खर्च करण्याआधी मोकळ्या सरळ रस्त्यावर दहा मिनिटं गाडी चालवून काही गोष्टी लक्षात ठेवा. याला मशीन लागत नाही.

थरथर हातात आहे की सीटखाली? हातात असेल तर पुढची चाकं, सीटखाली आणि फ्लोअरला असेल तर मागची, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा चालतो. खात्री करायची तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावा. थरथर हातातून सीटखाली गेली, तर चोर त्या चाकांतच होता. स्टेपनी त्याच मापाची असेल तर एकेक चाक बदलूनही नेमकं चाक सापडतं.

फक्त ब्रेक दाबल्यावर होतं? मग बॅलन्सिंगला पैसे घालवू नका. ब्रेक डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. बोलताना सगळे "डिस्क वाकली" म्हणतात, पण बहुतेकदा ती वाकलेली नसते, कुठे जाड कुठे पातळ झालेली असते. हा फरक केसाच्या जाडीपेक्षाही कमी असला तरी स्टिअरिंग झटके देतं. कसारा किंवा बोरघाट उतरताना सतत ब्रेकवर पाय, आणि खाली टोलनाक्याच्या रांगेत तापलेल्या डिस्कवर पॅड घट्ट दाबून उभं राहायचं, ही सवय त्याला हातभार लावते. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा.

फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर होतं आणि पाय काढला की थांबतं? पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट झिजल्याची ही खूण आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा अशा मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत लांब प्रोपेलर शाफ्ट असतो. तो चाकाच्या जवळपास चौपट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याची थरथर बारीक असते, हाताला ठोके लागण्याऐवजी कानाला घूं असा आवाज लागतो.

वळणावर आवाज बदलतो, डावीकडे वळलं की वाढतो आणि उजवीकडे वळलं की कमी होतो किंवा उलट? व्हील बेअरिंग बघा.

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश यांची गोष्ट थोडी वेगळी. हे भाग झिजले म्हणून आपणहून हायवेवर थरथर तयार करत नाहीत. थरथर चाकातून येते, हे भाग तिला आवर घालतात. ते सैल झाले की पूर्वी १० ग्रॅमची चूक जी गाडी गिळून टाकायची, ती आता हातात येते. म्हणून जुन्या गाडीत बॅलन्सिंगने "थोडा फरक पडला" असं होतं. पण क्रम चुकवू नका. आधी चाक, मग बुश. वीस हजारांचं सस्पेन्शनचं काम करून शेवटी दोनशेच्या बॅलन्सिंगने थरथर गेली, असं होऊ देऊ नका.

फोन काय सांगू शकतो

तुमचा फोन आडवा केला की स्क्रीन फिरते, ती अॅक्सिलरोमीटर नावाच्या सेन्सरमुळे. हा सेन्सर सेकंदाला शंभर किंवा त्याहून जास्त वेळा हालचाल मोजतो. जर्मनीच्या आखेन विद्यापीठाने बनवलेलं फायफॉक्स नावाचं मोफत अॅप आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. त्यात अॅक्सिलरेशन स्पेक्ट्रम हा प्रयोग उघडला की आलेल्या हादऱ्यांचे तुकडे पाडून कुठला हादरा सेकंदाला किती वेळा येतोय ते आलेखात दिसतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा, एवढं कळलं की झालं.

चाकाचा आकडा काढायला सूत्र पाठ करायची गरज नाही. वरच्या १८५/६५ आर१५ टायरला वेगाला ७ ने भागा. १०० ला साधारण १४ हर्ट्झ, ८४ ला १२. अल्टो ८०० च्या छोट्या टायरला ६ ने भागा, मोठ्या एसयूव्हीला ८ ने. आलेखात नेमका तिथे उंच सुळका दिसला आणि वेग बदलला की सुळकाही त्याच प्रमाणात सरकला, तर ते चाक आहे.

फोन ड्रायव्हरने हाताळायचा नाही, शेजारच्याने हाताळायचा. स्टिअरिंगच्या मधल्या भागावर काहीही चिकटवू नका, तिथे एअरबॅग असते. गिअरच्या शेजारच्या सपाट जागी किंवा सीटच्या लोखंडी पट्टीवर दुहेरी टेपने फोन घट्ट बसवा. मोबाइल होल्डरमध्ये लावला तर होल्डरचं डुलणं मोजलं जाईल. वेग स्पीडोमीटरवरून न घेता जीपीएसवरून घ्या, कारण स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही असा नियम असल्याने कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. क्रूझ कंट्रोल असेल तर वेग एका जागी धरा आणि तीस सेकंद नोंद घ्या. मग दुसऱ्या वेगाला तेच करा.

दोन फसवणुकी टाळा. पहिली सिमेंटच्या रस्त्याची. काँक्रीट रस्त्यावर साधारण साडेचार मीटरवर आडवे सांधे असतात, त्यामुळे १०० ला त्यांचा ठोका ६ हर्ट्झच्या आसपास येतो आणि तोही वेगाबरोबर सरकतो. हा सुळका रस्त्याचा आहे, गाडीचा नाही. डांबरी पट्ट्यावर आलात की तो गायब होतो. दुसरी फसवणूक इंजिनची. सेन्सर सेकंदाला शंभर वेळाच मोजत असेल तर ५० हर्ट्झच्या वरची थरथर त्याला धड दिसत नाही, आणि कधीकधी ती खालच्या आकड्यांत खोटी उमटते. चार सिलिंडरचं इंजिन २५०० आरपीएमला ८३ हर्ट्झने ठोके देतं, ते आलेखात १७ हर्ट्झचा भुताटकी सुळका बनून येऊ शकतात, म्हणजे नेमकं चाकाच्या गल्लीत. यावर उपाय: वेग तोच ठेवून गिअर पाचवरून चारवर आणा. इंजिनचा आकडा बदलेल, चाकाचा बदलणार नाही. जो सुळका जागचा हलला नाही तो चाकाचा.

फोनला एक गोष्ट जमत नाही. चारपैकी कुठलं चाक, हे तो सांगू शकत नाही, चारही चाकं जवळजवळ एकाच वेगाने फिरतात. पण सर्व्हिस सेंटरमध्ये "मला जाणवलं नाही" या वाक्यासमोर "९८ च्या वेगाला १४ हर्ट्झवर हा बघा सुळका, आणि ८४ ला तो १२ वर येतो" असा स्क्रीनशॉट ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो. वॉरंटीतली गाडी असेल तर तक्रार जॉबकार्डवर वेगासकट लिहून घ्या.

१५ वर्षं कुणीच बघत नाही

आता थोडं व्यवस्थेकडे. आपल्याकडे खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. या १५ वर्षांत कायद्याने ठरावीक काळाने होणारी तपासणी म्हणजे पीयूसी, आणि पीयूसी फक्त धूर बघते. टायर, ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे यांच्याकडे कुणी अधिकृतपणे बघणं १५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी होतं. गाड्या ६० ने फिरत होत्या तोवर हे खपून गेलं. १२० च्या रस्त्यावर खपत नाही. रस्ता १५० च्या वेगाच्या डिझाइनने बांधायचा, वेगमर्यादा वाढवायची, कॅमेऱ्याने चलान पाठवायचं, आणि त्या वेगाला गाडीचं चाक धड फिरतंय का हे मालकाच्या मर्जीवर सोडायचं, हा विचित्र प्रकार आहे. टायरच्या नक्षीची खोली कारला किमान १.६ मिलिमीटर हवी हा नियम पुस्तकात आहे, पण फुगवटा आलेला टायर घेऊन कुणी समृद्धीवर चढला तर त्याला अडवणारी कायमची यंत्रणा नाही.

माझं मत विचाराल तर सगळ्या गाड्यांना दरवर्षी आरटीओच्या रांगेत उभं करणं हा यावर उपाय नाही, त्याचं काय होईल हे आपल्याला पीयूसीच्या स्टिकरवरून माहीत आहे. विम्याच्या नूतनीकरणाला टायर आणि ब्रेक तपासल्याचा फोटोसकट रिपोर्ट जोडला तर हप्त्यात सवलत, असं काही झालं तर लोक आपणहून करतील.

इथे एक नवी गोष्टही घडते आहे. आजच्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असतं, आणि काही कंपन्यांच्या गाड्यांत चाकाची थरथर ओळखून मोटर उलट दिशेला हलवून ती मारून टाकणारं सॉफ्टवेअर असतं. हाताला मस्त वाटतं. पण जी थरथर आपल्याला सावध करायची, तीच बंद होते. अशा गाडीत ठरावीक अंतराने चाकं उघडून बघणं जास्त गरजेचं, कारण तुमचा हात तुम्हाला काही सांगणार नाही.

गाडी लगेच थांबवायची केव्हा

आतापर्यंतची थरथर ही हळूहळू आलेली, ठरलेल्या वेगाला येणारी होती. अचानक आलेली थरथर हा वेगळा विषय आहे. गाडी नीट चालली होती आणि मध्येच हादरायला लागली, थरथर मिनिटागणिक वाढतेय, किंवा ३०-४० च्या वेगालाही चाक थबथब करतंय, तर बॅलन्सिंगचा विचार सोडा. टायरचा वरचा पट्टा आतल्या थरापासून सुटत असेल किंवा चाकाचे नट ढिले झाले असतील. जोरात ब्रेक मारू नका. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा, अॅक्सिलरेटर सोडा, डावीकडे या, लेनच्या पूर्ण बाहेर थांबा आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून बॅरिअरच्या पलीकडे उभं करा. मग चारही टायर बघा. फुगवटा, उपसलेलं रबर, सैल नट, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या एक्झिटपर्यंतही चालवू नका. चाकं नुकतीच काढून बसवली असतील, विशेषतः नवे अलॉय असतील, तर पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर नट परत आवळून घ्यायची सवय ठेवा.

सेकंड हँड गाडी घेताय? टेस्ट ड्राइव्ह सोसायटीच्या गल्लीत संपवू नका. विकणाऱ्याला सोबत घेऊन जवळच्या हायवेवर ८० ते १०० पर्यंत न्या, मोकळ्या जागी एकदा नीट ब्रेक लावा आणि हात स्टिअरिंगवर हलके ठेवा. परत आल्यावर टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा. २३१८ असेल तर तो टायर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. नक्षी कितीही खोल दिसली तरी इतका जुना टायर घेऊन समृद्धीवर जाऊ नका, आणि चार टायरची किंमत गाडीच्या भावातून वजा करून मागा.